ती दाढ दुधाची नव्हती: सोनारीतून, दातांच्या किडीबद्दल

आजचा एपिसोड मी सोनारीतून रेकॉर्ड करतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, सोनारी म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातलं काळभैरवनाथाचं गाव. माझं आजोळ. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या, ऊस चाललाय कारखान्यावर.

सुरू करायच्या आधी एक काम करा. खालच्या जबड्यात अगदी मधोमध जे दोन दात असतात, तिथं जीभ टेकवा. आता एका बाजूला मोजत मागे जा. एक, दोन, तीन, हा सुळा. चार, पाच. आणि सहावी जी मोठी रुंद दाढ लागते ना, आजचा एपिसोड तिच्याबद्दल आहे. तुमच्याकडे ती असेल अशी आशा करते. माझ्या उजव्या बाजूला तिथं फट आहे. अकरावीत असताना काढावी लागली. आधी वर्षभर गार पाणी झोंबायचं, मग रात्री ठणका सुरू झाला, लवंग दाबून झाली, मेडिकलमधून गोळ्या आणून झाल्या. शेवटी गाल सुजला तेव्हा दवाखान्यात गेलो, तोवर दाढेत वाचवण्यासारखं फार उरलं नव्हतं.

हे आत्ता आठवायचं कारण माझी मामेबहीण. नववीत आहे. परवा जेवताना ती एकाच बाजूनं चावत होती. मी मोबाइलचा टॉर्च लावून तोंडात बघितलं, तर तीच दाढ, तीच बाजू, मधोमध काळा खड्डा. मामी म्हणाली, "अगं, दुधाची असंल ती. पडंल आपोआप, नवी येती." मी म्हटलं, "मामी, चौदा वर्षांची झाली ती. आणि ही दाढ दुधाची नसतेच." मामीचा विश्वास बसेना. खरं सांगायचं तर तिची काही चूक नाही. माझ्या आईलाही हेच वाटलं होतं.

असं का वाटतं, बघा. दुधाचे दात एकूण २०. ते साधारण सहाव्या वर्षापासून पडायला लागतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की आधी दात पडतो, मग कायमचा येतो. पण ही सहावी दाढ कुणाचीच जागा घेत नाही. साधारण सहाव्या वर्षी, एकही दाढ न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गपचूप उगवते. घरात कुणाला पत्ताही लागत नाही. लेकरू पहिलीत असतं, तोंडात बाकी सगळे दुधाचे दात, त्यामुळे हीसुद्धा त्यातलीच धरली जाते. मग तिला कीड लागली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. आणि ती पडत नाही. ती आयुष्यभरासाठी आलेली असते.

तिच्या मागची दाढ, म्हणजे मोजत गेलात तर सातवी, बाराव्या वर्षाच्या आसपास येते. म्हणजे सहावी-सातवीच्या पोराच्या तोंडात एक दाढ अगदी कोरी असते. नव्या दाढेचं वरचं कवच, इनॅमल, लगेच पक्कं होत नाही. तोंडात आल्यावर लाळेतून कॅल्शियम आणि फॉस्फेट घेत ते हळूहळू मुरतं, त्याला एक-दोन वर्षं तरी जातात. त्यात दाढेच्या माथ्यावर खोल चिरा असतात, ब्रशचा केस आत पोचत नाही अशा. आणि नेमकं याच वयात आईनं ब्रश करून घेणं बंद झालेलं असतं, खिशात दहा-वीस रुपये यायला लागलेले असतात. तुमच्या वयात दात का किडतात, याचं अर्धं उत्तर इथंच आहे.

भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर दातांची पाहणी केली होती. त्यात १२ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के आणि १५ वर्षांच्यांपैकी सुमारे ६३ टक्के मुलांना कीड आढळली. पाहणी जुनी आहे, पण उतार कुठल्या दिशेला आहे ते कळतं. वर्गात दोघांमागे एकापेक्षा जास्त, आणि तीन वर्षांत आकडा वरच गेलेला.

आता "कीड" या शब्दाकडे येऊ. आपली भाषा इथं आपल्याला थोडं फसवते. कीड म्हटलं की डोळ्यांपुढं आळी येते, ज्वारीत पडते तशी. आजी आजही म्हणते, "रिंगणीच्या बियांची धुरी घे, कीड पडंल." गावोगाव कीड पाडून देणारी माणसं फिरायची. भुईरिंगणीचं बी विस्तवावर टाकायचं, नळीनं धूर तोंडात घ्यायचा, आणि नंतर पाण्यात पांढरे बारीक किडे तरंगताना दाखवायचे. ते किडे नसतात, उष्णतेनं बी फुटून बाहेर आलेले त्याचेच कोंब असतात. हसू नका, युरोपातही दुसऱ्या एका झाडाच्या बियांनी हेच चालायचं. दातात आळी असते हे बाबिलोनच्या काळापासून लोक मानत आले. १७२८ मध्ये प्येर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्यानं पुस्तक लिहून सांगितलं की आपल्याला काही असली आळी दिसली नाही.

मग दात खातं कोण? १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्यानं एक साधा प्रयोग केला. काढलेले दात लाळेत ठेवले. एका भांड्यात सोबत पाव, दुसऱ्यात मांस. पावाबरोबर ठेवलेले दात मऊ पडले, मांसाबरोबरचे नाही. म्हणजे दात कुरतडणारा कुणी नव्हता. तोंडातले जंतू पिष्ट आणि साखर खात होते आणि त्यातून जे आम्ल तयार होत होतं, ते दातातलं कॅल्शियम विरघळवत होतं. लिंबाचा रस फरशीवर सांडला की फरशीची चमक जाते ना, तसंच.

या जंतूंमधलं एक नाव लक्षात ठेवा, स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. १९२४ मध्ये क्लार्क नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं किडलेल्या दातांतून ते वेगळं काढलं. त्याची खोड अशी की आपली नेहमीची साखर, म्हणजे उसाची, ते नुसती खात नाही. तिच्यातून चिकट डिंकही बनवतं. त्या डिंकानं ते दाताला धरून राहतं, वर बाकीच्या जंतूंनाही आसरा देतं. सकाळी उठल्यावर दातांवर नख फिरवलं की पांढरट चिकट थर निघतो, तो हाच. नुसत्या चुळीनं तो जात नाही, घासावाच लागतो.

इथपर्यंत बहुतेकांना थोडंफार माहीत असतं. शाळेत "चॉकलेट खाऊ नका" सांगितलेलंच असतं. मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते आता ऐका.

१९४० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन या संशोधकानं लोकांना साखरेच्या पाण्यानं चूळ भरायला लावली आणि दातांवरच्या थराची आम्लता मोजत बसला. काही मिनिटांतच आम्लता झपकन वाढली, म्हणजे पीएच खाली आला. साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. मग लाळ आपलं काम सुरू करते, आम्ल धुते, गेलेलं कॅल्शियम थोडं परत भरते. हे पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे प्रत्येक गोड घासानंतर अर्धा-एक तास तुमचे दात झिजणीला लागलेले असतात, मग तो घास एका गोळीचा असो नाहीतर चार पेढ्यांचा.

परत सांगते, कारण इथंच सगळं आहे. एका बैठकीत चार पेढे खाल्ले तर झिजणी एकदा. तेच चार पेढे दोन-दोन तासांनी एकेक खाल्ले तर झिजणी चारदा. साखर तेवढीच.

हे माणसांवर तपासलं गेलं स्वीडनमध्ये, आणि ती गोष्ट सांगताना मला अवघडल्यासारखं होतं. लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची मतिमंद रुग्णांची संस्था होती. १९४५ नंतरची काही वर्षं तिथल्या रुग्णांना वेगवेगळ्या पद्धतीनं साखर दिली गेली. काहींना जेवणाबरोबर, काहींना पावातून, आणि काहींना दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफ्या, एका गटाला तर दिवसाला २४. त्या रुग्णांना कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांना नाही म्हणता आलं नसतं. आज असा प्रयोग कुणी करू शकणार नाही, करूही नये. पण निकाल स्पष्ट होता. जेवणाबरोबर साखर मिळालेल्यांची कीड थोडीच वाढली. मधल्या वेळेत टॉफ्या चघळणाऱ्यांचे दात भराभर गेले. त्यातून स्वीडनमध्ये एक पद्धत पडली, पोरांना गोड फक्त शनिवारी. त्यांच्या भाषेत त्याला "शनिवारचा खाऊ" असंच म्हणतात.

हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आजी आठवली. तिच्या लहानपणी गोड म्हणजे आठवडी बाजाराचा खाऊ. वडील बाजाराहून आले की पिशवीतून गोडीशेव निघायची, रात्रीत फस्त. नाहीतर मग चैत्रातली भैरवनाथाची यात्रा, तेव्हा रेवड्या, पेढे, पोट दुखेस्तोवर. आज ऐंशीच्या घरात असलेली आजी भुईमुगाच्या शेंगा दातांनी फोडते. एकट्या आजीवरून नियम काढता येत नाही, कबूल. पण तिचा खाऊ आणि माझ्या मामेबहिणीचा खाऊ यात फरक काय, हे मी एक दिवस तिच्यामागं फिरून मोजलं.

सकाळी सहाला चहा, त्यात बिस्कीट. शाळेत जाताना रुपयाची गोळी, ती अर्धा तास गालात. मधल्या सुट्टीत पाच रुपयांचा क्रीमचा पुडा. दुपारी घरी परत चहा. ट्यूशनला जाताना वीस रुपयांची कोल्ड्रिंकची बाटली, आणि ती एकदम पिऊन टाकत नाही, दप्तरात ठेवून घोट-घोट तासभर पुरवते. संध्याकाळी चहा. रात्री अंथरुणात मोबाइल बघत चॉकलेट, आणि तसंच झोप. मोजा. सात वेळा. शेवटचं सगळ्यात वाईट, कारण झोपेत लाळ जवळजवळ बंद होते, धुणारं कुणी नसतं. साखरेचं एकूण वजन काढलं तर कदाचित आजीच्या यात्रेच्या दिवसापेक्षा कमीच भरेल.

कोल्ड्रिंकचा हिशोब वेगळा सांगते. १०० मिलीत साधारण १० ते ११ ग्रॅम साखर, म्हणजे दोन-अडीच चमचे. शिवाय ते मुळातच आंबट असतं, जंतूंची वाट न बघता स्वतःच इनॅमल झिजवतं. त्यामुळं "मी तर शुगर-फ्री पिते" म्हणणाऱ्या मैत्रिणीनंही फार खूश होऊ नये.

मामानं विचारलेला प्रश्नही घेते: "मग गूळ चालंल की?" नाही मामा. गूळ म्हणजेही बहुतांश तीच साखर, वर चिकट. मधाचंही तेच. आणि वेफर्स, खारी, बिस्किटं गोड लागोत न लागोत, त्यांचा लगदा दाढेच्या चिरांत बसतो आणि लाळ तिथंच त्याची साखर करायला लागते. याउलट आपले भाजलेले शेंगदाणे एकदम उत्तम, चावताना लाळ सुटते आणि आम्लताही कमी होते. पाच रुपयांत मिळतात.

आता पेस्ट. घरातली पेस्टची ट्यूब हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. फ्लोराईड लिहिलंय का? साधारण १००० पीपीएम असा आकडा असतो. लवंग, मीठ, कोळसा, कडुनिंब असं सगळं पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात असतं, आणि फ्लोराईड अजिबात नसतं, अशा बऱ्याच पेस्टी बाजारात आहेत. कीड रोखण्याचा भक्कम पुरावा ज्या एका गोष्टीला आहे, ती नेमकी तीच. फ्लोराईडमुळं विरघळलेलं इनॅमल परत भरताना जास्त टणक भरतं. इथं कुणीतरी म्हणेल, यवतमाळ-चंद्रपूरकडं तर फ्लोराईडनंच दात पिवळे-तपकिरी पडतात. बरोबर आहे, पण ते पिण्याच्या पाण्यातून वर्षानुवर्षं पोटात गेलेलं जास्तीचं फ्लोराईड. पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दीडच्या वर नको, असं आपलं मानक सांगतं. पेस्ट आपण गिळत नाही, थुंकतो. थुंका, पण नंतर खळखळून चूळ भरू नका, थोडी राहू दे दातांवर. वाटाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा, आणि त्यातली एक वेळ झोपायच्या आधी. सकाळची चुकली तर मी बोलणार नाही. रात्रीची चुकवू नका.

मिश्रीबद्दल थोडक्यात, कारण मला राग येतो. "दाढ दुखतीय? चिमूटभर मिश्री दाब, बरं वाटतं" हे आमच्याकडं मुलींनासुद्धा सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. ठणका तासभर दबतो, कीड जिथल्या तिथं राहते, आणि दाढेच्या निमित्तानं लागलेली सवय चाळीस वर्षं सुटत नाही. मावा-सुपारीचं तर विचारू नका, पंचविशीत दोन बोटंसुद्धा तोंडात जात नाहीत इतका जबडा आखडलेली पोरं मी याच तालुक्यात बघितलीत.

बरं, खड्डा पडलाच तर? कीड दुखण्यापासून सुरू होत नाही. इनॅमलमध्ये नसच नसते, दुखणार कसं? आधी फक्त खडूसारखा पांढरा डाग पडतो. इथं फ्लोराईड आणि खाण्यातला बदल एवढ्यावर ते मागे फिरू शकतं, पैसे जवळपास शून्य. मग खड्डा होतो, गार-गोड झोंबतं, तेव्हा सिमेंट भरून भागतं. रात्री आपोआप ठणकायला लागलं की समजा नसेपर्यंत पोचलं. तिथं रूट कॅनल, म्हणजे दोन-तीन खेपा आणि काही हजार रुपये, नाहीतर उपटणं. आपण घरी कुठल्या टप्प्यावर दवाखान्याचं नाव काढतो? बहुतेक वेळा शेवटच्या. गोळी खाऊन ठणका थांबला की "बरं झालं" समजू नका, कधीकधी ते नस मेल्याचं लक्षण असतं.

अजून एक. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम नावाची योजना आहे, २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झालेली. सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आरोग्य पथक येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं, आणि त्यांच्या यादीत दातही आहेत. ते "आ कर" म्हणाले की अर्धी पोरं लाजून तोंड मिटतात. मीही मिटलं होतं. तुम्ही उघडा, आणि कुठली दाढ झोंबते ते स्वतःहून सांगा. पुढच्या उपचारासाठी ते सरकारी दवाखान्याची चिठ्ठी देतात.

तर मामेबहीण. तिला मी बार्शीला घेऊन गेले. एसटीत तासभर ती माझ्याशी बोलली नाही, कारण माझ्या फटीची गोष्ट तिनं लहानपणापासून ऐकलेली. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. कीड खोल होती, पण नसेच्या अलीकडं थांबलेली. आतलं किडकं साफ करून औषध लावून भरली, आणि तीन महिन्यांनी परत दाखवायला सांगितलं. राहते की पुढं रूट कॅनल लागतं, ते तेव्हा कळेल. दुसऱ्या बाजूची दाढ अजून चांगली होती, तिच्या चिरांवर सीलंटचा पातळ थर देऊन त्या बुजवल्या. ते करायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत आणि दुखलंही नाही. हे मला बाराव्या वर्षी कुणी केलं असतं तर, असं मनात आलं खरं.

परत येताना स्टँडवर तिनं कोल्ड्रिंक मागितलं. मी घेऊन दिलं. म्हटलं, "इथंच उभी राहून संपव, बाटली दप्तरात जाणार नाही." तिनं तोंड वाकडं केलं, पण संपवलं, वर पाण्याची चूळही भरली. आता रात्री मामी तिच्या ब्रशवर लक्ष ठेवते, आणि मामीवर मी, व्हॉट्सअ‍ॅपवरून.

तुमची सहावी दाढ कशी आहे, टॉर्च लावून बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. घरात पहिली-दुसरीतलं लेकरू असेल तर त्याचीही बघा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. ट्रॅक्टर परत आला, थांबते मी.